कॅप्टनची राहिलेली गोळी

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट आमच्या पाद्र्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "नीडम, तुला पुरायला मी येईन, पण तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला दुसरा कुणीतरी बघ." बायकोला सांगितली, तर तिनं ऐकता ऐकता माझ्यापुढची बशी उचलली. तेव्हा ओबेडच्या दुकानाच्या ओट्यावर बसून त्याचीच सफरचंदं फुकट खाणारे तुम्ही लोक माझ्यावर विश्वास ठेवाल अशी आशाच नाही. पण त्या माणसाच्या बोटांना बोट लागलेला आणि अजून श्वास घेत असलेला या परगण्यात मी एकटा उरलोय. ती बोटं आठवली की ऑगस्टच्या उन्हातसुद्धा कोट घालावासा वाटतो.

"घाल कोट, पण सुरुवात कर," हेझ म्हणाला. "टपालगाडी यायच्या आत मेलेला माणूस आला पाहिजे. मागच्या खेपेला तू भाषणातच गाडी आणलीस."

गोष्ट कर्नल बरवेल हॅदरलींची. आताच्या पोरांना हे नाव ठाऊक नाही. उत्तर-दक्षिणेची लढाई झाली, सगळं जळलं, आणि ज्यांच्या भाषणांनी ते पेटलं त्यांचीच नावं आधी विसरली गेली. पण आमच्या तरुणपणी परगण्यात दोनच आवाज लांबून ओळखू यायचे, एक चर्चची घंटा आणि दुसरे कर्नल. त्यांचं म्हणणं एकच होतं. व्हर्जिनिया आधी, बाकी सगळं मागाहून. शेजाऱ्यांनी मिळून राखणदार ठेवावा तसं राज्यांनी मिळून वॉशिंग्टनचं सरकार ठेवलंय, त्या राखणदारानं घरात शिरून कोणी कुठं निजायचं ते सांगायचं नाही. घटनेत जेवढं लिहिलंय तेवढी त्याची सत्ता. जे लिहिलेलं नाही, ते त्याचं नाही.

एवढ्या एका वाक्यावर ते वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या सभेवर निवडून येत. सरकारी बँक आली, विरोध. जकात वाढली, विरोध. सरकारी रस्ता झाला तेव्हा विरोध तर केलाच, वर गाडी त्या रस्त्यानं न नेता शेजारच्या शेतातून हाकायला लावली. वॉशिंग्टनला जाताना आपल्या विहिरीचं पाणी पिंपात भरून नेत, सरकारी जमिनीतलं पाणी पोटात नको म्हणून. स्वातंत्र्य हा शब्द तर असा उच्चारत की त्यांच्या तंबाखूत राबणारे गुलामसुद्धा खुरपं थांबवून ऐकत, आणि मुकादमाला त्यांना पुन्हा कामाला लावावं लागे.

आमच्या परगण्यात त्यांना उलट बोलणारा एकच माणूस, कॅप्टन क्रीड ग्रेशम. सबंध देश एकच घर आहे, राज्यं म्हणजे त्यातल्या खोल्या, असं त्याचं मत. एकदा कोर्टाच्या दिवशी, भर बाजारात तो म्हणाला, "कर्नलचं व्हर्जिनिया म्हणजे कर्नलच्या कुंपणाच्या आत मावतं तेवढंच." लोक हसले. लोक हसले म्हटल्यावर पुढचं ठरलेलंच.

व्हर्जिनियात द्वंद्व खेळणाऱ्याला कुठलं पद मिळत नसे. म्हणून आमची बडी मंडळी होडी करून नदीपलीकडे कॅरोलिना राज्यात जात, एकमेकांवर गोळ्या झाडत, आणि उरतील ते जेवायला घरी येत. त्या सकाळी नाव वल्हवायला मी होतो. गोळी झाडायच्या इशाऱ्याचा रुमाल सोडला गेला. तो जमिनीला टेकायच्या आधी कर्नलचं पिस्तूल उडालं की नंतर, यावर मी काही बोलणार नाही, मी नावेत होतो आणि मधे धुकं होतं. पण कॅप्टन पडला तेव्हा त्याचं पिस्तूल त्याच्या मुठीत भरलेलंच होतं. पलीकडच्या नावाड्यानं त्याला तिथंच काठाला पुरलं, आणि पुढच्या पुरात तो काठच वाहून गेला.

"म्हणजे मढं कुणी पुन्हा पाहिलंच नाही," ओबेड म्हणाला.

"पाहिलं ना. तेच सांगतोय."

तेव्हा आजच्यासारखं कागदाची चिठ्ठी पेटीत टाकून गुपचूप घरी जाणं नव्हतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर टेबल मांडायचं. एका टोकाला एक उमेदवार, दुसऱ्या टोकाला दुसरा, मधे शेरीफ. जमीनवाल्या मतदारानं पायऱ्या चढून यायचं, बायबलवर बोटं ठेवायची आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठायचं, कमरेत वाकायचं, त्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "आभारी आहे. उद्या तीन वाजता माझ्याकडे जेवायला या." कितीही फाटका मतदार असो. हे चुकवलं तर पुढच्या खेपेला त्याचं सगळं घराणं दुसऱ्या टोकाला वळलंच म्हणून समजा.

द्वंद्वानंतर निवडणूक आली तेव्हा कर्नलसमोर डॉक्टर मेब्री उभे होते. अर्ध्या परगण्याची बाळंतपणं त्यांनी केलेली, त्यामुळे आईची भीड पडून मुलगे त्यांच्याकडे झुकत होते. ऊन उतरेपर्यंत दोन्ही बाजू सारख्या झाल्या. कारकुनानं पुन्हा पाहिलं, तरी सारख्याच. कर्नल नेहमी हसतमुख बसायचे, पण त्या वेळी त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता.

मी शेरीफच्या हाताखालचा. खुद्द शेरीफ दुपारपासून मतदारांसाठी ठेवलेल्या पंच दारूच्या पिंपाला टेकून झोपले होते, म्हणून खुर्चीत मी. "आणखी कुणी आहे का?" हे विचारून मतदान बंद करायचं काम माझ्यावर आलं. मी तोंड उघडलं आणि टेबलाखालची कुत्री उठली.

भुंकली नाहीत. शेपट्या पोटाखाली घेऊन, भिंतीला अंग घाशीत ती निघून गेली. मग वास आला. पूर ओसरल्यावर काठाच्या झुडपात जो वास राहतो, तो. गर्दी बाजूला सरली. सांगावं लागलं नाही, आपोआप सरली आणि वाट तशीच उघडी राहिली. त्या वाटेनं एक माणूस पायऱ्या चढून आला. निळा कोट, एका अंगावर वाळलेला चिखल. टोपी हातात. छातीच्या डाव्या बाजूला कापडाला भोक, आणि भोकाच्या कडा जळक्या.

मी ओळखलं. नाव विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. पण माणसाची सवय मोठी वाईट. माझ्या हातानं आपणहून बायबल पुढं केलं. त्यानं बोटं ठेवली ती निम्मी पुस्तकावर आणि निम्मी माझ्या बोटांवर. नुसतं गार म्हणून तुम्हाला कळणार नाही. हिवाळ्यात विहिरीच्या तळाशी हात गेला तर असं होईल.

"कर्नल बरवेल हॅदरली," तो म्हणाला. एवढंच.

डॉक्टर मेब्री उभे राहिले. "हरकत आहे," ते म्हणाले. "हा माणूस मेलेला आहे."

आता कर्नलचं एक होतं. त्यांना लांबचं दिसत नसे, आणि चारचौघांत चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यात त्यांचे डोळे कारकुनाच्या कागदावर. जिंकल्याचा आकडा त्यांनी पाहिला आणि 'हरकत' हा शब्द ऐकला, बाकी काही नाही. ते ताडकन उठले, मतदाराकडे पाठ करून गर्दीकडे वळले.

"डॉक्टर, मतदाराला जमीन हवी असं व्हर्जिनियाच्या कायद्यात लिहिलंय. तो पुरुष हवा, लिहिलंय. तो जिवंत हवा असं कुठं लिहिलंय? दाखवा मला ओळ. जे लिहिलेलं नाही ते नाकारायची सत्ता तुम्हाला नाही, शेरीफला नाही, आणि वॉशिंग्टनला तर नाहीच नाही."

आयुष्यातलं सगळ्यात बिनतोड भाषण ते. एखाददोघांनी सवयीनं टाळ्याही वाजवल्या आणि मधेच थांबवल्या. कर्नल तसेच वळले, कमरेत वाकले, पुढे आलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि तोंडातून नेहमीचे शब्द गेले, "आभारी आहे. उद्या तीन वाजता माझ्याकडे जेवायला या."

मग त्यांना गारवा लागला. त्यांनी हात सोडवून खिशातला चष्मा काढला, लावला, आणि पाहिलं.

"येईन," कॅप्टन ग्रेशम म्हणाला.

"सगळा परगणा पंच प्यायलेला होता त्या दिवशी," हेझ म्हणाला. "माझा बाप घरी येताना ओळखीच्या झाडाशी भांडला होता."

"तुझा बाप प्यायला असेल. कुत्री प्यायली नव्हती."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो आला. लख्ख ऊन, अंगणात कोंबड्या, आणि हा फाटकातून चालत येतोय. कर्नलनी मला साक्षीला बोलावून घेतलं होतं. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि हो म्हणायचीही नव्हती. जेवण वाढायला इशॅम होता. तो कर्नलचा गाडीवान, पण पाहुणे असले की पांढरे मोजे घालून खुर्च्यांमागं उभा राहायचा. उंच, शांत माणूस. त्या दिवशी त्यानं कॅप्टनच्या बशीत डुकराच्या मांडीचा काप ठेवला तेव्हा हात जराही हलला नाही.

कॅप्टन काही खाईना. मडेरा दारूचा पेला मात्र त्यानं उचलला आणि प्यायला. थोड्या वेळानं त्याच्या कोटावर, त्या भोकाभोवती, एक तांबूस ओल पसरत गेली. कर्नलच्या बायकोनं ते पाहिलं, आणि बाईंचं वळण असं की त्यांनी नुसता रुमाल पुढं केला.

"कर्नल," कॅप्टन म्हणाला, मीठ मागावं तशा आवाजात, "माझी एक गोळी राहिलीय."

खोलीत घड्याळ होतं. ते चालू होतं, पण मला ऐकू येत नव्हतं. कर्नलच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला, नाकावरून बशीत पडला. सभ्य माणसांतला नियम त्यांना पाठ होता. समोरच्याची गोळी राहिली असेल तर उभं राहून ती घ्यायची. नाही म्हणणं म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही. आणि हो म्हणणं म्हणजे काय, ते त्या भोकाकडे बघून कळत होतं. मेलेल्याचा नेम चुकत नाही.

मी पाहिलं, कर्नलचे ओठ हलायला लागले. आधी आवाज नाही, मग बारीक, मग हळूहळू सभेतला.

"कॅप्टन, आपली भेट झाली ती कॅरोलिनाच्या मातीवर. जे राहिलं ते तिथं राहिलं. व्हर्जिनिया स्वतंत्र राज्य आहे. दुसऱ्या राज्यातलं राहिलेलं इथं पुरं करून घ्यायला तुम्हाला आधार काय? कुठं लिहिलंय?"

कॅप्टनच्या कोटातून एक थेंब फरशीवर पडला.

"मी जन्मभर म्हणत आलो की सगळा देश एक आहे," तो म्हणाला.

"आणि मी जन्मभर म्हणत आलो की नाही."

"पण काल मत मी तुम्हाला दिलं. म्हणजे तुमचं म्हणणं मला बांधतं." तो उठला, टोपी घेतली. "तुम्ही माझे प्रतिनिधी. वॉशिंग्टनला जाणार ना?"

"जाणार."

"ती जागा कुठल्या राज्यात येते?"

बोलल्या कर्नलच्या बाई, बिचाऱ्या, पाहुण्याला उत्तर द्यायचं म्हणून. "कुठल्याच नाही हो, कॅप्टन. ती सरकारच्या मालकीची."

"मग तिथंच भेटू," कॅप्टन म्हणाला. बाईंना वाकून, जेवण छान होतं असं सांगून तो गेला. फाटकापर्यंत कोंबड्या त्याच्या वाटेतून दूर पळत होत्या.

त्या दिवसापासून कर्नल हॅदरली हा माणूस संपला. बाहेरून दिसायचं नाही. पण मी जवळून पाहिला. उन्हाळ्यात दारं लावून बसत. भाषणात 'वॉशिंग्टन' हा शब्द आला की तो गाळून पुढं जात. हिवाळ्यात तिथली सभा भरायची वेळ झाली तेव्हा त्यांना आधी संधिवात झाला, मग खोकला, मग गाडीचं चाक मोडलं. चाक मोडताना मी पाहिलं, कर्नल स्वतः हातोडा घेऊन उभे होते.

इकडे लोक कुजबुजायला लागले. नवीन जकात येऊ घातलेली, तंबाखूचे भाव पडणार, आणि आपला माणूस घरात. आमच्याकडे मतदारांचा एक हक्क होता. प्रतिनिधीला सभा घेऊन आज्ञा करायची, आणि ती त्यानं पाळायची नाहीतर जागा सोडायची. हा हक्क लोकांना शिकवला कुणी? कर्नलनीच, घसा कोरडा करून. लोक कोर्टासमोर जमले आणि त्यांनी आज्ञा केली. वॉशिंग्टनला जा आणि जकातीच्या विरोधात मत द्या, नाहीतर जागा मेब्रींना.

जागा सोडणं कर्नलला मरणासारखं होतं, आणि जाणं म्हणजे मरणच. ती रात्र त्यांनी कशी काढली मला ठाऊक नाही. सकाळी मला बोलावलं तेव्हा त्यांचे डोळे खोल गेले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं.

"नीडम, पोटोमॅक नदीच्या अलीकडे काय आहे?"

"व्हर्जिनिया, कर्नलसाहेब."

"आणि पलीकडे ते. मी अलीकडच्या काठावर उभा राहीन. सभेचा कारकून नावेनं येऊन मला शपथ देईल. मत मी काठावरून देईन, माझा आवाज पोचतो. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी व्हर्जिनियाच्या मातीवरून मत देतोय, यात त्यांना बोलायला जागाच नाही. आणि त्यालाही नाही. तू बरोबर चल, साक्षीला."

इथं मधेच कुणीतरी विचारलं, "गाडी कोण हाकत होतं?"

मी बघितलं. विचारणाऱ्या होत्या त्या मास्तरीणबाई, लढाईनंतर सुटलेल्या गुलामांच्या मुलांसाठी शाळा निघाली तिथल्या. फिलाडेल्फियाहून आलेल्या, काळ्याच, टापटीप. टपालगाडीची वाट बघत ओट्याच्या कडेला आपल्या पुस्तकांच्या पेटीवर बसल्या होत्या. मी त्यांना ऐकणाऱ्यांत धरलंच नव्हतं.

"इशॅमच," मी म्हटलं. "दर हिवाळ्यात तोच न्यायचा. त्याला ती वाट डोळे मिटून पाठ."

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढं सांगा."

तर आम्ही निघालो. वाटेत सगळा वेळ कर्नल बोलत होते, आणि सगळं बोलणं कॅप्टनबद्दल. तो दिसेल का, कुठं दिसेल, त्याला वेग किती असेल. मधेच खिडकीतून डोकं काढून विचारत, "इशॅम, मागं कुणी आहे का?" इशॅम शांतपणे म्हणे, "नाही, मालक. अजून नाही." त्या 'अजून'वर मी खिडकीपासून आणखी आत सरके. नदी जवळ येत गेली तसं धुकं उतरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना देवदार, आणि देवदारांमधे काही नाही, नुसतं पांढरं.

आणि इथं कर्नलची चूक झाली. तशी चूक तेच करू शकत होते. वॉशिंग्टनची जागा आखली तेव्हा व्हर्जिनियानंही आपला तुकडा दिला होता, नदीच्या अलीकडचा. अलेक्झांड्रिया गाव त्यातच गेलेलं. हद्दीवर कमरेएवढे दगड पुरलेले. कर्नलना हे ठाऊक होतं हो. पण त्यांनी त्या देण्याला जन्मभर बेकायदा म्हटलं, तो दगड मी मानत नाही असं इतक्या सभांत सांगितलं की शेवटी त्यांना तो दिसेनासाच झाला. नदी येईपर्यंत सगळं आपलं, याच हिशेबात ते बसलेले.

गाडी थांबली.

"काय झालं?" कर्नल म्हणाले. आवाज घोगरा.

वरून इशॅम म्हणाला, अगदी हळू, "मालक, दगड मागं पडला. आणि समोर झाडापाशी कॅप्टन उभे आहेत."

कर्नलनी दार कसं उघडलं मला कळलं नाही. ते खाली पडले, उठले, आणि आल्या वाटेनं धावायला लागले. मी त्यांच्या मागोमाग उतरलो. हो, उतरलो. कायद्याचा माणूस मी, साक्षीला आलेला. गाडीला पाठ टेकून उभा राहिलो आणि पाहिलं.

तो देवदाराखाली उभा होता, निळा कोट घालून. छातीतल्या भोकातून मागच्या झाडाची साल दिसत होती. त्यानं घाई केली नाही. पिस्तूल उचललं, एक डोळा मिटला, आणि कर्नल दगडापासून चार ढांगांवर असताना चाप ओढला.

मी गोळी पाहिली. ती माझ्या कानाजवळून गेली, चरचरत. कर्नलनी दगडावरून उडी टाकली आणि पलीकडे, व्हर्जिनियात, तोंडावर पडले. गोळी दगडापर्यंत आली आणि थांबली.

"थांबली म्हणजे?" ओबेड म्हणाला.

"थांबली म्हणजे थांबली. हवेत, बरोबर दगडाच्या वर. सरकारी जमिनीवर सुटलेली गोळी, व्हर्जिनियात शिरायचा तिला काय अधिकार? कुठं लिहिलंय? ती तिथंच गुणगुणत राहिली, काचेवर माशी गुणगुणते तशी. माझ्या दातांना तो आवाज अजून आठवतो. कर्नल पलीकडे पालथे पडून रडत होते. तेवढ्यात घोडे बिथरले आणि गाडी इशॅमसकट धुक्यात नाहीशी झाली. गाडी नाही, घोडे नाहीत, इशॅम नाही, पुन्हा कधी कुणाच्या दृष्टीस पडलं नाही. कॅप्टननं नेला असणार, वाहन म्हणून. मी कर्नलना खांद्यावर घेतलं आणि आम्ही चालत घरी आलो."

हेझनं सफरचंदाचं देठ रस्त्यावर फेकलं. "आणि लोकांना काय सांगितलं?"

ते कर्नलना कुणी शिकवावं लागलं नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी जाहीर केलं की जी भूमी कुठल्याच राज्याची नाही तिच्यावर व्हर्जिनियाच्या प्रतिनिधीनं पाऊल ठेवणं हाच राज्याचा अपमान, आणि तो अपमान आपण करणार नाही. लोकांनी टोप्या उडवल्या. एवढा ताठ माणूस पाहिला नव्हता म्हणाले. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला ते न जाण्यासाठी निवडून आले. आणि घरी बसून एकच काम केलं. तो तुकडा व्हर्जिनियाला परत द्या म्हणून अर्ज, सभा, भाषणं. लोकांना वाटे, काय हे राज्यावरचं प्रेम. मला ठाऊक होतं. त्यांना ती हद्द स्वतःपासून लांब, नदीपार ढकलायची होती. झोपेत त्यांना गुणगुणणं ऐकू यायचं.

आणि पुष्कळ वर्षांनी तुकडा परत मिळाला. तुम्हीही ऐकलंच असेल. बातमी आली त्या दिवशी कर्नल, म्हातारे, काठी टेकत पायऱ्या चढले. "आज ती हद्द उरली नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून हे वाक्य पुरं झालं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांना कळलं. आम्हाला कुणालाच नाही, फक्त मला आणि त्यांना. हद्द उरली नाही, म्हणजे त्या गोळीला अडवणारंही काही उरलं नाही. त्यांनी उत्तरेकडे मान वळवली. मी ऐकलं, लांबून, माशीसारखं, मग गांधीलमाशीसारखं. कर्नलनी छातीवर हात ठेवला आणि खाली बसले. डॉक्टर मेब्रींनी हृदय बंद पडलं म्हणून लिहिलं. लिहिणारच, गोळी म्हणून लिहिलं असतं तर मारणारा कोण ते लिहावं लागलं असतं.

मी थांबलो. ओबेडनं सुद्धा खुर्ची मागं घेतली होती, आणि खरं सांगतो, माझ्याच मानेवरचे केस उभे राहिले होते. लांब वळणावर टपालगाडीची धूळ दिसायला लागली.

मास्तरीणबाई पेटीवरून उठल्या. हातमोजे चढवले.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"कुठलं?" हेझ म्हणाला. "तसं बरंच आहे."

"जेवायला कोण आलं होतं ते मला माहीत नाही. माझे वडील म्हणत, ते घर इतकं घाबरलेलं होतं की खुर्ची रिकामी आहे की भरलेली हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पण देवदाराखाली कुणी नव्हतं. कॅप्टन नाही, पिस्तूल नाही, गोळी नाही. माझ्या वडिलांनी नुसतं सांगितलं की आहे. मालकांना बाहेर काढायला तेवढं पुरेल, हे त्यांना त्या जेवणापासून ठाऊक होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेल्या नव्हत्या, वर्गात पोराकडे बघतात तसं पाहिलं. "माझ्या वडिलांचं नाव इशॅम. आणि नीडमसाहेब, तुम्ही गाडीतून उतरला नव्हतात. तुम्ही बैठकीखाली शिरून अंगावर घोंगडी ओढली होती. वडिलांना ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी तुम्हाला तसंच राहू दिलं, कारण गाडीत गोरा माणूस आहे म्हणजे काळ्या गाडीवानाला पुलावर कुणी अडवत नाही, शहरात कुणी अडवत नाही, आणि पुढं फिलाडेल्फियाकडे, जिथं गुलामी नव्हती त्या मुलखाकडे, जाणाऱ्या बाल्टिमोरच्या रस्त्यालाही कुणी अडवलं नाही. तिथं त्यांनी तुम्हाला पाय धरून बाहेर ओढलं. आणि तुम्ही डोळे घट्ट मिटून त्यांना विचारलंत, 'कॅप्टन गेला का रे?'"